लोणच्याचा न्याय

दोन वर्षांपूर्वी मी कढीपत्त्याच्या कुंडीत एक पिशवी पुरली होती. तिच्यावर हिरवं पान आणि ‘कंपोस्टेबल’ हा शब्द छापलेला. यंदा कुंडी बदलताना ती निघाली. जरा मळलेली, पण पानासकट शाबूत! दुकानदार म्हणाला, “काका, ती घरी नाही कुजत. तिला खताचा मोठा प्लांट लागतो.” त्याचंही खोटं नव्हतं. साखरेपासून होणाऱ्या पीएलए नावाच्या प्लॅस्टिकला नीट कुजायला साठेक अंशांची ऊब लागते. ती माझ्या कुंडीला कुठून मिळणार?

मला गेली कित्येक वर्षं ज्याचं वेड आहे, ते प्लॅस्टिक निराळं. पीएचए त्याचं घराण्याचं नाव आणि पीएचबी हा त्यातला थोरला. ते जिवाणूच्या पोटात तयार होतं, आणि साध्या मातीतले नि समुद्रातले इतर जिवाणू ते खाऊन टाकतात.

इतिहास सांगायलाच हवा म्हणून एका दमात सांगतो. १९२६च्या सुमारास पाश्चर इन्स्टिट्यूटच्या मॉरिस लम्वान्य यांना ते एका बॅसिलसमध्ये सापडलं. पुढे ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने ‘बायोपॉल’ नावाने ते बाजारात आणलं आणि १९९०मध्ये जर्मनीत त्याची शाम्पूची बाटली निघाली. मग हा धंदा या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिला, कारण माल महाग पडायचा. ज्या जिवाणूच्या जिवावर हे चाललं होतं, त्याचंही तेच. हायड्रोजेनोमोनास, अल्कॅलिजेनेस, राल्स्टोनिया, वॉटर्सिया आणि आता कुप्रिआविडस! शास्त्रज्ञांनी बिचाऱ्याला इतकी आडनावं बदलायला लावली, की जुने शोधनिबंध वाचताना प्रत्येक वेळी ओळख पटवून घ्यावी लागते.

हे प्लॅस्टिक मी पहिल्यांदा पाहिलं ते एका प्राध्यापक मित्राच्या प्रयोगशाळेत. काचपट्टीवर सुदान ब्लॅक हा रंग चढवलेला होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर गुलाबी पेशींमध्ये काळे ठिपके, बरणीत साबुदाणा भरावा तसे गच्च. मित्र म्हणाला, “ही यांची कणगी.” साखर मुबलक, पण नायट्रोजन वा फॉस्फरसचा दुष्काळ, अशी वेळ आली की जिवाणूला वाढता येत नाही. मग तो जास्तीचा कार्बन साठवून ठेवतो. कोरड्या वजनाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग नुसता साठा, असेही जिवाणू आहेत.

या साठवणीला मुख्यतः तीन विकरं लागतात. १९८८-८९मध्ये त्यांची जनुकं हाती आली आणि ती ई. कोलायमध्ये घातल्यावर तोही प्लॅस्टिक करू लागला. त्याला ते पचवता येत नाही, म्हणून साठा शिल्लक राहतो. म्हणजे प्रश्न सुटला? छे! नेहमीच्या वाटेने एका ग्लुकोजमधल्या सहा कार्बनपैकी दोन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. एक किलो साखर घातली, तर हिशेबाने फार तर ४८० ग्रॅम पीएचबी मिळणार. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण जिवाणूला स्वतःलाही जगायचं असतं. शिवाय सगळी टाकी वाफेने निर्जंतुक करा, बाहेरचा एकही जिवाणू शिरू देऊ नका, आणि शेवटी मायक्रॉनभर आकाराच्या पेशी पाण्यातून वेगळ्या काढा. खरा खर्च या उस्तवारीचा.

इथे माझा लाडका जिवाणू, हॅलोमोनास, येतो. चीनमधल्या शिनजियांगच्या एका खाऱ्या सरोवरातला टीडी०१ हा वाण बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात ग्वो-च्यांग चेन यांच्या गटाने वाढवला. लिटरमागे ६० ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या जवळजवळ पावणेदोन पट खारटपणा, वर पाणी अल्कधर्मी. २०११मध्ये त्यांनी टाकी निर्जंतुक न करता सलग १४ दिवस पीएचबी काढून दाखवलं. उपरे जिवाणू त्या खारात टिकलेच नाहीत. आजीने कैरीच्या फोडींना मीठ चोळताना हाच न्याय लावला होता. लोणचं हा शब्दही लवणातूनच आला आहे.

मग जनुकांची कारागिरी सुरू झाली. पेशीला काठीसारखा आकार देणारं एमआरईबी हे प्रथिन ढिलं केलं, तशी पेशी फुगली आणि साठ्याला जागा झाली. दुसऱ्या एका वाणात ईटीएफ ही जनुकं काढली, तर ढवळणं थांबताच पेशी गोळा होऊन डाळीसारख्या तळाशी बसल्या, आणि गाळणीचा खर्च वाचला. अर्थात वापरलेलं खारट पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. तेच पाणी पुन्हा वापरल्याशिवाय गत्यंतर नाही.

हे वाचलं आणि मला बुलढाण्यातल्या लोणार सरोवराची ओढ लागली. लोणारही लवणाचंच नाव मिरवतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या सरोवरातून हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस शोधला आणि तो पीएचए बनवतो, हे २०१०मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या प्लॅस्टिकमध्ये पीएचबीच्या जोडीला पीएचव्ही हा दुसरा घटकही होता. ही जोडी महत्त्वाची, कारण निव्वळ पीएचबी पापडासारखं ठिसूळ असतं. २०२०च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा अख्खा महाराष्ट्र धावला. या जिवाणूसाठी मात्र कोणी धावलेलं मला आठवत नाही.

मी गेलो. वरच्या कडेपासून पायवाटेने खाली उतरलो. कमळजा देवीच्या देवळाजवळ काठाच्या चिखलाला उग्र वास येत होता. चिमूटभर बोटांवर घेतला, तर साबणासारखा बुळबुळीत. त्या चिमटीत किती कणग्या भरलेल्या असतील, या विचाराने मी बराच वेळ हात धुतले नाहीत. बायको वैतागली.

मला विचाराल, तर भारंभार प्लॅस्टिक करणाऱ्या नाजूक जिवाणूपेक्षा कमी नखऱ्यांचा, खाऱ्या पाण्यातला जिवाणू बरा. जनुकं बदलायचीच, तर अशाची बदलावीत.

आणि लोणारला जाल तेव्हा पाण्याची बाटली परत घेऊन या. मला त्या काठावर चार सापडल्या. तिथल्या हॅलोमोनासला आपलं प्लॅस्टिक करता येतं, आपण टाकलेलं खाता येत नाही.