निखळलेला सांधा : तासांचा हिशेब

औषधे, उपकरणे, वेतन यांवरील खर्च ताळेबंदात पै-पैशाने मांडता येतो. रुग्णाच्या हातून निसटलेल्या तासांना मात्र त्यात रकाना नसतो. सांधा निखळलेल्या रुग्णाच्या बाबतीत हेच तास निर्णायक ठरतात. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांच्यापुढे ठेवीत आहोत.

सांध्यातील हाडे आपली जागा सोडून एकमेकांपासून सरकतात, त्यास सांधा निखळणे म्हणतात. खांद्याची खोबण उथळ असल्याने मोठ्या सांध्यांपैकी तोच सर्वाधिक निखळतो. हाड सरकताना भोवतालचे अस्थिबंध फाटतात, नसा व रक्तवाहिन्या दबू शकतात. खुब्याचा सांधा शक्यतो ६ तासांच्या आत बसवावा लागतो. विलंबाने मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खुंटून ते खचण्याचा धोका वाढतो. गुडघा निखळताना मागील मुख्य धमनी दुखावली, तर प्रसंगी पायही गमवावा लागतो.

सोबत हाड मोडले आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. म्हणून घरी ओढाताण अथवा चोळणे कटाक्षाने टाळावे. दुखरा अवयव आहे त्या स्थितीत झोळीचा किंवा उशीचा आधार देऊन रुग्णास त्वरित आणावे. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने काही खाऊ-पिऊ घालू नये. रुग्णालयात नाडी व संवेदना तपासून क्ष-किरण चित्र काढतात, वेदना शमवून सांधा हळुवारपणे बसवतात आणि पुन्हा चित्र काढून खात्री करतात. खांदा साधारणतः २ ते ३ आठवडे झोळीत ठेवून पुढे व्यायाम दिले जातात. तरुणांत तो पुन्हा निखळण्याचा संभव अधिक, म्हणून व्यायाम अर्ध्यावर सोडू नयेत.

अनेक कुटुंबे खर्चाच्या धास्तीने उंबरठ्यातच थबकतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेखालील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तातडीच्या रुग्णास आधी दाखल करून घ्यावे, हेही त्यात अभिप्रेत आहे. आप्तांनी निःसंकोचपणे यावे. कागदपत्रे मागाहून पाहता येतात. देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाने असे काही तास वाचतात, हीच त्या देणगीची खरी पावती होय.