सवलत बिल्डरला, ऊन रहिवाशाला

छत्रपती संभाजीनगरात फ्लॅट बघायला गेलेली मंडळी नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे हमखास विचारतात. पार्किंग विचारतात, दार पूर्वेला आहे का तेही बघतात. बेडरूमची बाहेरची भिंत पश्चिमेला येते का आणि ती कशाची बांधली आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारभर तापलेली हीच भिंत रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहते. बीड बायपास, सातारा-देवळाई, हर्सूल, पडेगाव या भागांतल्या नव्या इमारतींमधले कूलर आणि एसी तिच्याशीच झुंजत असतात. बिल अर्थातच रहिवासी भरतो.

सरकारचं याकडे लक्षच नाही, असं म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. बांधकामातले लोक तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात हरित इमारतींना जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र, देण्याची तरतूद आहे. 'ग्रिहा' मानांकनाचे तीन तारे किंवा 'आयजीबीसी' मानांकनाचा सिल्व्हर दर्जा मिळवला तर मूळ एफएसआयवर ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. सरकारी आणि निमसरकारी इमारतींना तर किमान तीन तारे सक्तीचेच आहेत.

७ टक्के म्हणजे हातात किती पडतं? भूखंड ४,००० चौरस मीटरचा आणि मूळ एफएसआय १.१ धरला, तर मूळ बांधकाम होतं ४,४०० चौरस मीटर. त्याचे ७ टक्के म्हणजे ३०८ चौरस मीटर, सुमारे ३,३०० चौरस फूट. दोन बेडरूमचे तीन-चार फ्लॅट त्यात बसतात. टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन किंवा प्रीमियम भरून जो एफएसआय मिळतो, त्यावर ही टक्केवारी लागत नाही. बक्षीस आधी मिळतं आणि परीक्षा नंतर होते, हीसुद्धा एक गंमतच. पूर्व-प्रमाणपत्र दाखवलं की जादा क्षेत्र मंजूर होतं. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ठरलेला दर्जा गाठलेला नसेल, तर त्या जादा एफएसआयपोटी रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या दुप्पट दंड भरावा लागतो.

जादा चौरस फुटांची किंमत शेवटी जमिनीच्या भावावर ठरते. मुंबई-पुण्यात तीन-चार फ्लॅटसाठी बिल्डर सल्लागार नेमेल, मॉडेलिंग करून घेईल, फायलींमागे धावेल. जिथे जमीन त्या मानाने स्वस्त आणि ग्राहक हप्त्याच्या एकेका हजाराचा हिशेब करणारा, तिथे या खटाटोपाचं गणित तितकं सहज जुळत नाही. शिवाय तारे गुणांच्या बेरजेवर मिळतात. पाणी, कचरा, झाडं, बांधकामाचं साहित्य यांचेही गुण त्यात असतात. त्यामुळे इमारतीच्या फाटकावर हरित दर्जाची पाटी असली म्हणून चौथ्या मजल्यावरची पश्चिमेची खोली थंड असेलच, अशी खात्री कुणी देऊ नये.

त्या खोलीचा थेट विचार करणारा नियम वेगळा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांमधून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त नसावी, असं ती सांगते. संभाजीनगर उष्ण-कोरड्या हवामान विभागात मोडतं. इथे ही मर्यादा गाठायला फार महागड्या वस्तू लागत नाहीत. ज्याला गवंडी आजही 'सिपोरेक्स' म्हणतात, त्या एएसी ब्लॉकच्या आठ इंची भिंतीतून येणारी उष्णता नऊ इंची विटेच्या भिंतीच्या निम्म्याहूनही कमी असते. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक घातला की सर्वांत वरच्या मजल्याच्या उकाड्याला उतार पडतो. छज्ज्याचं मात्र तसं नाही. डोक्यावरचं ऊन तो अडवतो, पण चार-पाच वाजताची तिरपी उन्हं त्याच्या खालून सरळ पलंगावर येतात. तिथे काचेच्या बाहेर झडप किंवा जाळीच लागते.

राजकोटमध्ये भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून 'स्मार्ट घर-३' ही १,१७६ परवडणाऱ्या घरांची योजना याच धर्तीवर आखली गेली. एएसी ब्लॉकच्या भिंती, पूर्ण उघडणाऱ्या आणि काच कमी असलेल्या खिडक्या आणि हवा खेळती राहावी म्हणून इमारतीतल्या उभ्या डक्टचा वापर, एवढंच त्यात होतं. घरं गरिबांसाठी होती, म्हणून हे उदाहरण मोलाचं.

जर्मनीने पैशाची वाट निराळी निवडली. तिथली सरकारी विकास बँक 'केएफडब्ल्यू' स्वस्त कर्ज द्यायची आणि इमारत ठरल्याइतकी काटकसरी निघाली की कर्जाचा काही भाग माफ करायची. अर्जांचा इतका लोंढा आला की २४ जानेवारी २०२२ रोजी सरकारला ही मदत तडकाफडकी थांबवावी लागली. याच बँकेने आपल्या राष्ट्रीय आवास बँकेला २०१० मध्ये ऊर्जाबचत करणाऱ्या घरांच्या कर्जांसाठी ५ कोटी युरोंची पतपुरवठा रेषा दिली होती.

आपल्याकडे रहिवाशाच्या खिशापर्यंत पोचणारी वाट पिंपरी-चिंचवडने काढली. 'ग्रिहा' दर्जाच्या प्रकल्पांत बिल्डरला प्रीमियममध्ये सूट आणि फ्लॅटधारकाला मालमत्ता करात ५ ते १५ टक्के सूट, अशी तिथली योजना. घरपट्टीची पावती दरवर्षी हातात येते. तिच्यावरची सूट डोळ्यांना दिसते, एफएसआय दिसत नाही.

उभ्या असलेल्या सोसायट्यांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर' ही छतावरच्या सौरविजेची योजना आहे. घरमालकाला ३ किलोवॉटपर्यंत कमाल ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये, ५०० किलोवॉटपर्यंत. २० किलोवॉटचा संच बसवला तर ३ लाख ६० हजारांचं अनुदान होतं आणि दिवसाला साधारण ८० युनिट वीज तयार होते. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि मुख्य म्हणजे टँकरचं पाणी टाकीत चढवणारा पंप, या सगळ्यांच्या बिलाला त्यातून मोठा हातभार लागतो. पॅनेल बोअरच्या जड पाण्याने धुतले तर क्षाराचा पांढरा थर बसून उत्पादन घटतं, एवढं वॉचमनला सांगून ठेवलेलं बरं.

या संचाला गच्चीची सुमारे २०० चौरस मीटर मोकळी जागा लागते. अनेक सोसायट्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. अभिहस्तांतरण झालेलं नसतं, करारनाम्यात गच्चीचा एखादा तुकडा सर्वांत वरच्या फ्लॅटला जोडलेला असतो आणि सर्वसाधारण सभेत ठराव मांडला की तोच फ्लॅटधारक पहिला हात वर करतो, विरोधासाठी.