पिकअपवरचं नाव

भुसावळात जामनेर रोडला माझं रेडियमचं दुकान आहे. सावदा-रावेरकडून केळी भरून निघणाऱ्या पिकअपवर मी नावं चिकटवतो: कुळदैवत, आईबाप, लेकरं. नाव मालकाच्या आवडीचं आणि पैसेही त्याचेच. शर्यतीच्या गाडीवर मात्र ज्याचं नाव, तो पैसे देतो.

केळीच्या एका व्यापाऱ्याचा पोरगा सुट्टीत पुण्याला मामाकडे जाऊन कार्टिंग करतो. परवा विचारत होता, "काका, यात पोट भरतं का?" त्याला मी नारायण कार्तिकेयनची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती होतात. गाडी दिसायला शोरूममधल्यासारखी, पण आत ड्रायव्हरभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा. या शर्यती भरवणारी नॅस्कार ही संस्था १९४८ची. तिथं पिकअपच्याही शर्यती असतात! २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धावलेला कोइम्बतूरचा कार्तिकेयन २०१०मध्ये त्या पिकअपमध्ये बसला. मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला. वर्षभरात शर्यती जेमतेम नऊ, विजय एकही नाही. तरी वर्षअखेर त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर तोच ठरला. मतं चाहत्यांची होती, इंटरनेटवरून द्यायची. मीही स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून दिलं होतं. निकाल वाचला तेव्हा दुकानात पेढे वाटले.

पुढच्या वर्षी मात्र तो फॉर्म्युला वनमध्ये परतला. तेव्हा मला वाईट वाटलं, पण पुढे धंद्याच्या नजरेनं पाहिल्यावर उलगडा झाला. गाडीच्या बॉनेटवर जो विमावाला किंवा तेलवाला आपलं नाव लावतो, त्याला आपल्या मालाचं गिऱ्हाईक हवं असतं. मी भुसावळात बसून मत देऊ शकत होतो, अमेरिकेतला विमा घेऊ शकत नव्हतो. माझ्या मते त्याच्यावरचं आपलं प्रेम खरं होतं, पण त्या बॉनेटच्या कामाचं नव्हतं. टीमचं सीट निव्वळ वेगावर मिळत नाही. ड्रायव्हरनं सोबत आणलेला पैसाही मोजला जातो.

मुंबईचा जेहान दारूवाला बघा. डिसेंबर २०२०मध्ये बहरीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. फॉर्म्युला वनच्या दारापाशी पोचलेला पोरगा, पण शर्यतीचं सीट मिळालं ते विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ईमध्ये. म्हणून पोराला म्हटलं, तुझे चाहते जिथं राहतात, तिथंच माल विकणारा शोध.

त्याच्या कार्टच्या तोंडाला मी बापाच्या केळी कंपनीचं नाव लावून दिलं. पैसे घेतले नाहीत. दोन्ही बाजूच्या पट्ट्या कोऱ्या ठेवल्यात. त्यांच्यासाठी तो जळगावच्या एका ठिबकवाल्याला पत्र लिहितोय. शुद्धलेखन माझ्याकडून तपासून घेणार आहे.