बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा का?

अहिल्यानगर असो, जालना असो की पुणे, जुन्या मंडळीतल्या घरांत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. मुलीचा बाप्तिस्मा ती तान्ही असताना झालेला असतो. तिच्या वतीने वचने आईवडिलांनी दिलेली असतात. पुढे नोकरीच्या गावी ती एखाद्या फेलोशिपला जाऊ लागते, विश्वास पहिल्यांदाच स्वतःचा वाटू लागतो, आणि तिथले पास्टर म्हणतात, “तो बाप्तिस्मा नव्हेच. पाण्यात उतर.” घरी रडारड होते, पाळकांना मध्ये घातले जाते. दोन्हीकडून वचने काढून दाखवली जातात आणि त्या गडबडीत बरीच अर्धवट माहिती खरी म्हणून खपते.

पहिली अर्धवट गोष्ट म्हणजे काही चर्च दोनदा बाप्तिस्मा देतात, ही. असे सहसा कोणी देत नाही. बाप्तिस्मा एकच, हे इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, 381 सालच्या विश्वासांगीकारातही आहे, आणि ते बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल, कॅथलिक सगळ्यांनाच मान्य आहे. झ्युरिकमध्ये 21 जानेवारी 1525 रोजी काही तरुणांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा विरोधकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’ म्हणून हिणवले. त्यांनी ते नाव नाकारले. बाळपणी झाले तो बाप्तिस्माच नव्हता, मग हा दुसरा कसा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला दोन वर्षांनी लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. तेव्हा वाद ‘एकदा की दोनदा’ असा नाही. पहिल्या वेळी जे झाले तो बाप्तिस्मा होता की नव्हता, एवढाच वाद आहे. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याने याच प्रश्नाशी थांबावे. ‘तेव्हा माझा विश्वास कच्चा होता’ हा निराळा प्रश्न आहे. मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांचाही विश्वास पुढे कच्चा ठरतो, त्यांना कोणी दर वेळी नदीवर नेत नाही.

पाण्याच्या मापावरून मात्र उगाच फार भांडण होते. पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही, असे आपल्याकडच्या अनेक फेलोशिपमध्ये ठामपणे शिकवतात. पण ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत वाहते पाणी उत्तम म्हटले आहे, आणि पुरेसे पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतण्याची मुभा दिली आहे. दुसऱ्या बाजूला, कॅथलिक कायद्यालाही बुडवणे आणि ओतणे दोन्ही चालते. झ्युरिकच्या त्या तरुणांनी पाणी ओतलेच होते. बॅप्टिस्ट परंपरेच्या आरंभी उभा असलेला जॉन स्मिथ याने 1609 मध्ये ॲम्स्टरडॅमला बाप्तिस्मा घेतला तोही ओतून, आणि तो त्याने स्वतःच स्वतःला दिला! म्हणजे मूळ मतभेद घागरभर पाणी की डोहभर पाणी हा नाही. स्वतः कबुली न देता येणाऱ्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा का, हा आहे. तिथे दोन्ही बाजूंना गंभीर युक्तिवाद आहेत.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 हा तर हमखास पुढे केला जातो. इफिसात पौलाला सुमारे बारा शिष्य भेटले आणि त्यांचा पुन्हा बाप्तिस्मा झाला, हे खरे. पण त्यांचा आधीचा बाप्तिस्मा योहानाचा होता. लहानपणी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेल्या बाप्तिस्म्याविषयी तो उतारा ना होकार देतो, ना नकार.

बाप्तिस्मा देणारा पाळक पुढे बिघडला, म्हणून तो बाप्तिस्मा फुकट गेला का? हा वाद उत्तर आफ्रिकेत चौथ्या शतकात झाला. ऑगस्टिनचे उत्तर होते की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो टांगलेला नाही. मुख्य परंपरांनी ते मानले.

कॅथलिक होताना प्रॉटेस्टंटांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो, हाही समज चुकीचा. पाणी आणि त्रैक्याचे शब्द दोन्ही असतील तर तो बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानते. खरीखुरी शंका असेल तरच ‘झाला नसेल तर’ या अटीवर संस्कार करतात. शब्दांबाबत मात्र रोम कडक आहे. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून दिलेला बाप्तिस्मा अवैध, असे 2020 मध्ये स्पष्ट करण्यात आले. मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा 2001 मध्येच नाकारला गेला होता.

निर्णय कसा घ्यावा लागतो, याचे एक उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. 1812 मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले. ॲडोनिराम जडसन हा काँग्रिगेशनल पाळकाचा मुलगा, त्याचा बाप्तिस्मा बाळपणी झालेला. कलकत्त्याला बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी भेटणार, त्याच्याशी वाद होणार, म्हणून जहाजावर त्याने तयारीसाठी नवा करार या प्रश्नापुरता तपासायला घेतला आणि स्वतःच डळमळला. पत्नी ॲनने आधी विरोध केला. तू बॅप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही, असे तिने सुनावले. मग तिने स्वतः अभ्यास केला आणि तीही त्याच निष्कर्षाला आली. 6 सप्टेंबर 1812 रोजी दोघांनी कलकत्त्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. किंमत लगेच मोजावी लागली: पोसणाऱ्या बोर्डाचा राजीनामा द्यावा लागला आणि परक्या मुलुखात पगार थांबला. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट बाळांच्या बाप्तिस्म्याच्या मतावर कायम राहिले, 1813 मध्ये मुंबईला पोहोचले, आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. एकाच बोर्डाची माणसे, एकच पवित्र शास्त्र, आणि निष्कर्ष दोन. कोणी कोणाला ढोंगी ठरवण्याचे कारण नव्हते. जडसनांकडून घेण्यासारखे हे, की त्यांनी सभेतल्या भावनेच्या भरात, रांगेत उभे राहून निर्णय घेतला नाही.

विश्वास उशिरा जागा झाला म्हणून आधीचे सारे खोटे, असे वाटणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंची साक्ष वाचावी. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडला झाला, तोही जाणत्या वयात. तरी ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनी लिहिले आहे. संस्कार आणि मनाची खात्री एकाच दिवशी येतात, असा नियम नाही.

नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि बॅप्टिस्ट, दोघेही त्यात आले आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. पुनर्बाप्तिस्मा वाटेल असे काही टाळावे, असे जागतिक चर्च परिषदेच्या 1982 च्या लिमा मसुद्यातही म्हटले आहे. मनाला नव्याने कबुली द्यायचीच असेल तर दृढीकरण आहे, बाप्तिस्म्याच्या वचनांचे जाहीर नूतनीकरण आहे. कॅथलिक लोक ते दर ईस्टरला करतात. पुनर्बाप्तिस्मा म्हणजे कायद्याने धर्मांतर, ही भीतीही नको. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती धर्म मानणारा तो ख्रिस्ती, एवढीच व्याख्या आहे.

पाण्यात उतरण्याआधी दोन कामे करावीत. जुन्या चर्चच्या नोंदवहीतून आपल्या बाप्तिस्म्याचा दाखला काढावा. कोणत्या तारखेला आणि कोणाच्या हातून झाला ते त्यात सापडते, आणि शब्द व पाण्याबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांना विचारता येते. मग नव्या पास्टरांना सरळ विचारावे: मी पुन्हा बाप्तिस्मा घेतला नाही तर तुमच्याकडे मला प्रभुभोजन मिळेल का? आणि जुन्या पाळकांना: मी घेतला तर माझे सभासदत्व आणि कबरस्तानातली जागा राहील का? उत्तरे दोघांकडूनही लेखी मिळाली तर अधिक बरे.