सूनबाईचा अर्ज

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. सून म्हणाली, "आई, मी नर्सिंगला अर्ज करते आहे," तेव्हा मी पोळी लाटत होते आणि माझ्या तोंडून निघाले ते एवढेच : "नर्सिंग? अगं, मग एम.एस्सी. तरी कर!" ती काही बोलली नाही. तव्यावरची पोळी उतरवली, नातवाच्या डब्यात ठेवली आणि वर निघून गेली. रात्री मुलाने मला बाजूला घेऊन सांगितले, "आई, दीड वर्ष झालं, ती याच्यामागे आहे. तुला सांगायला घाबरत होती."

ही गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. आम्ही दोघे सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो. सून आपल्याकडची बी.एस्सी., विषय मायक्रोबायॉलॉजी, पहिला वर्ग. लग्न होऊन तिकडे गेली, मुलगा झाला, आणि पदवीचा कागद बॅगेच्या तळाशी गेला. आपल्या कितीतरी मुलींचे तिकडे असेच होते. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला शिकायला परवानगी असते, नोकरीची मात्र अशी सहज मिळत नाही. तिचा नोकरीचा परवाना नुकताच हातात आला होता.

आता नर्सिंगच का आणि तेही या वयात कसे, हे मी समजून घेतले ते तिच्याबरोबर भाजी निवडता निवडता. भारतात नर्सिंग शिकून गेलेल्या मुलींची वाट वेगळी. त्यांच्याविषयी मी लिहीत नाही. ज्यांनी दुसऱ्याच विषयात पदवी घेतली आहे, कुणी इतिहासात, कुणी कॉमर्समध्ये, त्यांना पुन्हा पहिलीपासून सुरुवात न करता थेट मास्टर्सच्या पातळीवर नर्सिंगला घेणारे अभ्यासक्रम अमेरिकेत आहेत. 'डायरेक्ट एन्ट्री' म्हणतात त्याला. येल विद्यापीठाने असा अभ्यासक्रम १९७४ मध्येच सुरू केला. तो तीन वर्षांचा. पहिल्या भागात नर्सिंगचा पाया आणि मग आपापली शाखा : बाळंतपण, बालरोग, मानसिक आजार वगैरे. कोलंबियाचा पंधरा महिन्यांचा आहे, पण त्यात शाखा नाही, सर्वसाधारण नर्सिंग. कुठेही शिकलात तरी 'एनक्लेक्स' ही परीक्षा पास झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. जागा थोड्या आणि अर्ज फार. डॉक्टरकी सोडून इकडे वळलेले, वकिली कंटाळून आलेले, असे हुशार लोक रांगेत असतात.

आणि खर्च! नावाजलेल्या खाजगी विद्यापीठात नुसती फीच एक लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकते. रुपयात गुणाकार करू नका, मी केला आणि चहा गार झाला. सरकारी शैक्षणिक कर्ज तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. नवऱ्याच्या व्हिसावरच्या बाईला नाही. म्हणून सुनेने यादी करतानाच दोन राज्य विद्यापीठे घातली होती.

अर्जाच्या आधीच खरी दमछाक होते. ॲनॅटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन सत्रांचे कोर्स, प्रयोगशाळेसकट. मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, आहारशास्त्र, जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे मानसशास्त्र. प्रत्येक ठिकाणची यादी थोडी निराळी. आणि पुष्कळ ठिकाणी हे विषय गेल्या पाच किंवा सात वर्षांत झालेले हवेत. म्हणजे पाहा, मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर, पण तिला मायक्रोबायॉलॉजी पुन्हा करावे लागले! मला याचा फार राग आला. ती हसून म्हणाली, "आई, मला तरी कुठे आठवत होतं?"

हे सारे तिने गावच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी केले, तिथे फी पुष्कळच कमी. शरीरात दोनशे सहा हाडे. त्यांची नावे फ्रिजवर, आरशावर, तांदळाच्या डब्यावर चिकटवलेली. नातवाला 'स्कॅप्युला' म्हणजे खांद्याचे फाताडे हे माझ्या आधी कळले. एका संध्याकाळी प्रयोगशाळेत मेंढीचे हृदय कापून आली. आमचे घर शाकाहारी. आल्या आल्या तिने डोक्यावरून आंघोळ केली आणि मग ताटावर बसून मला हृदयाचे चार कप्पे वरणाच्या वाटीत बोटाने काढून दाखवले. ह्यांनी त्या दिवशी वरण घेतले नाही.

भारतातल्या कागदपत्रांचे त्रांगडे वेगळेच. मार्कशीट नुसती पाठवून चालत नाही. तिचे मूल्यमापन करून देणाऱ्या संस्था आहेत. प्रत्येक विषयाचे अमेरिकन श्रेणीत रूपांतर करून त्या देतात. तेव्हा आपले बासष्ट टक्के पाहून कुणी हिरमुसू नये, तिकडे ते तसेच्या तसे वाचले जात नाहीत. पण मूळ कागद कॉलेजने किंवा विद्यापीठाने स्वतः पाठवायचे असतात. त्यासाठी माझा भाचा तिच्या जुन्या कॉलेजच्या खिडकीवर पाच खेपा घालून आला. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी या कामाला चार-पाच महिने आधी लागावे आणि भारतात एक चिकाटीचा भाचा ठेवावा.

आणखी एक खड्डा. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, त्यांची पदवी चार वर्षांची. काही ठिकाणी आपली तीन वर्षांची पदवी पूर्ण धरतात, काही ठिकाणी तीन वर्षांचे शिक्षण एवढेच मानतात. हे फी भरण्याआधी पत्र पाठवून विचारावे. सुनेने एका ठिकाणी विचारले नाही. अर्जाची फीही गेली आणि उत्तर आले की पदवी पुरेशी नाही.

शिफारसपत्रे तीन. आपल्याकडे आपणच मजकूर लिहून सरांची सही घेतो; तिकडे शिफारस करणारा स्वतः थेट पाठवतो, आपल्याला दिसतही नाही. माझ्या भोळेपणाने मी सुचवले की आपल्या ओळखीचे एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांचे घेऊ. "त्यांनी मला कधी काम करताना पाहिलंय?" ती म्हणाली. तिने पत्रे घेतली ती ॲनॅटॉमीच्या बाईंची, स्टॅटिस्टिक्सच्या सरांची आणि हॉस्पिटलात स्वयंसेवकांवर देखरेख करणाऱ्या बाईंची.

हो, हॉस्पिटल राहिलेच. दर शनिवारी सकाळी ती चार तास तिथे जायची. पाण्याचे जग भरायचे, चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या, पाहुण्यांना वॉर्ड दाखवायचा. हातात पैसा नाही. मुलगा त्या दिवशी स्वैपाक करायचा. त्याच्या हातची खिचडी आता बरी होते, एवढे सांगून पुढे जाते. एकदा ती घरी येऊन सांगत होती, एक गुजराती आजी दोन दिवस ताट परत पाठवत होत्या. भूक नाही, अशी नोंद. हिने शेजारी बसून मोडक्या गुजरातीत विचारले, तर आजींना त्या पदार्थात अंडे आहे की काय ही शंका, आणि विचारायला भाषा नाही. हिने नर्सला सांगितले. दुपारी आजी जेवल्या.

मी तेव्हा नुसती ऐकत होते. माझ्या डोक्यातून 'लोक काय म्हणतील' गेलेले नव्हते. आमच्या लहानपणी नर्स म्हणजे रात्रीची ड्यूटी, परक्याचे मलमूत्र, लग्नाला अडचण. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने, १९०९ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेने, घरंदाज बायकांना नर्सिंग शिकायला पाठवले तेव्हा लोकांनी नावे ठेवली, हे मी वर्गात मुलींना शिकवले आहे. शिकवणे निराळे.

सप्टेंबरात ती अर्जासोबतचा निबंध लिहायला बसली. 'तुम्हाला नर्सच का व्हायचे आहे?' सगळा अर्ज एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. मी तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले, निबंधांचे गठ्ठे तपासले. म्हटले, मराठीत सांग मला. तिने वाचून दाखवले : लहानपणापासून सेवेची आवड, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा, दुःखितांचे अश्रू. मी म्हटले, "दहापैकी पाच. हे कुणीही लिहील. तू नर्स पाहिलीस कधी? पहिली?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी."

२०१९ मध्ये ह्यांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले, तेव्हा ती महिनाभर पुण्याला आली होती. दुसऱ्या रात्री हे फार तळमळायला लागले. उठतात काय, नळी ओढतात काय, असंबद्ध बोलतात काय. मला वाटले औषधाने डोके फिरले. ड्यूटीवरच्या मुलाने लांबूनच "होतं असं" म्हणून सांगितले. तेवढ्यात एक सिस्टर फेरीला आली. बारीकशी, विशी-बाविशीची. तिने ह्यांच्याकडे पाहिलेच नाही आधी, पिशवीकडे पाहिले. "ही संध्याकाळपासून एवढीच आहे?" मग ह्यांच्या ओटीपोटावर हात ठेवला. लघवीची नळी रक्ताच्या गुठळीने तुंबली होती. तिने डॉक्टरांना उठवले, पिचकारीने सलाइन सोडून नळी मोकळी केली, आणि दहा मिनिटांत हे शांत झोपले.

"आई, आपण सगळे बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो," सून म्हणाली. "मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, शेजारी बसलेली, पिशवी माझ्या गुडघ्याला लागत होती. मला दिसली नाही. तेव्हापासून डोक्यात आहे."

पाच वर्षे ही गोष्ट तिच्या मनात होती आणि मी तिला एम.एस्सी. कर म्हणत होते.

हेच लिही, म्हटले. तिने लिहिले. नाइटिंगेलबाई गेल्या, अश्रू गेले, पिशवी आली. पुढे गुजराती आजींचे ताट आले. ह्यांना कळल्यावर मात्र घरात गहजब! "माझी लघवी अमेरिकेतल्या विद्यापीठात वाचणार?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "लिहायचंच तर त्या पोरीने हात कसा ठेवला होता तेही लिही. थंड नव्हता. चोळून ठेवला होता तिने." ते वाक्यही निबंधात गेले.

आम्ही नोव्हेंबरात परत आलो. चार अर्जांपैकी एक पदवीपायी गेला, ते सांगितलेच. दुसरीकडून कारण न देता नकार आला. जानेवारीत एका ठिकाणी मुलाखत झाली. तिला विचारले, एवढे सायन्स येते तर डॉक्टर का नाही? ती म्हणाली, "त्या रात्री डॉक्टर चांगलेच होते, पण त्यांना उठवावं लागलं. जी जागी होती, तिचं काम मला शिकायचं आहे." तिने फोनवर हे सांगितले तेव्हा मला वाटले, जरा तोऱ्यातच बोलली. त्यांनी तिला प्रतीक्षायादीत टाकले.

मार्च २०२५ मध्ये चौथ्या ठिकाणाहून, राज्य विद्यापीठातून, होकार आला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. जागा राखायला पैसे भरायला पंधरा दिवस दिले होते. तिने बांगड्या विकायचे काढले, मी माझी ठेव मोडली. बांगड्या तिच्या हातातच आहेत. ड्यूटीवर त्या घालता येत नाहीत म्हणे, तो प्रश्न वेगळा.

गेल्या भिशीला मी सगळ्यांना पेढे दिले. कुणीतरी विचारले, सून काय करते आता? मी म्हटले, "मेडिकल लाईनला गेली." त्याच रात्री व्हिडिओवर मोठ्या कौतुकाने हे तिला सांगितले.

"आई," ती म्हणाली, "नर्सिंग म्हणा ना."

पुढची भिशी माझ्याकडेच आहे.