जुन्या लष्करी ट्रकमधील अल्टरनेटरचे दोषनिदान

अल्टरनेटरचे अपुरे उत्पादन हा सेवेतून निवृत्त झालेल्या लष्करी ट्रकांत वारंवार आढळणारा विद्युत-दोष होय. इंजिन चालू असताना अल्टरनेटरने बॅटरी चार्ज करावी आणि दिवे, वायपर, हॉर्न यांना वीज पुरवावी, अशी अपेक्षा असते. ते जमेनासे झाले की बहुधा अल्टरनेटरच उतरवून दुरुस्तीला दिला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा पट्ट्यात, तारांच्या सांध्यांत किंवा बॅटरीत असतो. त्यामुळे अल्टरनेटर गाडीवर असतानाच मोजमाप करणे हा या निदानाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्याचा लष्करी वाहनांशी संबंध जुना आहे. आजचे उल्हासनगर जेथे वसले आहे, तेथे दुसऱ्या महायुद्धात लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि १९४९ मध्ये वसाहतीला सध्याचे नाव मिळाले. पत्त्यांतील ‘कॅम्प नंबर’ मात्र आजही टिकून आहेत. युद्धकाळातील ट्रकांवर अल्टरनेटर नसून डायनामो असे आणि विद्युतप्रणाली बहुधा ६ किंवा १२ व्होल्टची असे. सिलिकॉन डायोड उपलब्ध झाल्यावर १९६० च्या दशकापासून वाहनांत अल्टरनेटर रूढ होत गेला. जबलपूर येथे जर्मन मान कंपनीच्या परवान्याने बनलेला शक्तिमान आणि नंतरचा अशोक लेलँडचा स्टॅलियन हे भारतीय सेनेचे सुपरिचित ट्रक होत. समोरच्या गाडीवर डायनामो आहे की अल्टरनेटर, हे प्रथम पाहावे, कारण दोहोंच्या चाचण्या भिन्न आहेत.

कार्य

पट्ट्याने फिरणाऱ्या रोटरच्या वेटोळ्याला कार्बन ब्रशमार्फत अल्प विद्युतधारा मिळते व तो विद्युतचुंबक बनतो. त्यामुळे भोवतालच्या स्टेटरमध्ये प्रत्यावर्ती धारा निर्माण होते आणि डायोड तिचे दिष्ट धारेत रूपांतर करतात. रोटरची धारा कमीअधिक करून दाब स्थिर राखणे हे रेग्युलेटरचे काम. गॅरेजांत त्याला अजूनही ‘कटआउट’ म्हणतात. ते नाव डायनामोच्या काळातले आहे. अल्टरनेटरला निराळा कटआउट लागत नाही, उलट धारा डायोडच अडवतात.

मोजमाप

अनेक अवजड लष्करी ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टची प्रणाली केलेली असते. पूर्ण चार्ज झालेल्या अशा जोडीचा दाब गाडी काही तास बंद राहिल्यानंतर सुमारे २५.४ व्होल्ट भरतो. इंजिनाची गती वाढवल्यावर तो साधारणतः २७.५ ते २८.५ व्होल्टपर्यंत चढावा. मग हेडलाइट व वायपर चालू करून पुन्हा मोजावे. भार पडताच दाब २६ व्होल्टखाली घसरत असेल, तर पहिला संशय पट्ट्यावर घ्यावा. सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा भाराखालीच घसरतो आणि रिकाम्या चाचणीत निर्दोष ठरतो. दोन पट्टे असल्यास ते जोडीनेच बदलतात.

त्यानंतर तारा. भार चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धन अग्रावर व दुसरे बॅटरीच्या धन अग्रावर लावावे. येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास मधल्या सांध्यांत रोध वाढला आहे. हीच चाचणी अल्टरनेटरचे आवरण व बॅटरीचे ऋण अग्र यांच्यामध्ये करावी. खाडीकाठच्या दमट हवेत आणि कोकणच्या पावसात चॅसीवरील अर्थच्या जोडणीखाली गंज धरतो. वरून रंग शाबूत असल्याने तो दिसत नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यात ही चाचणी टाळून पुढे जाऊ नये.

तारा निर्दोष ठरल्यास रोटरला क्षणभर पूर्ण धारा देऊन पाहतात. दाब चढला तर दोष रेग्युलेटरचा. न चढल्यास ब्रश, रोटर, स्टेटर किंवा डायोड यांचा. रोटरची जोडणी कोणत्या बाजूने नियंत्रित होते हे माहीत असल्याशिवाय हा प्रयोग करू नये आणि दाब ३० व्होल्टकडे जाऊ लागताच थांबावे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘अल्टरनेटर तपासण्याची’ पद्धत तर सर्वस्वी त्याज्य आहे. लष्करी ट्रकांवरील बॅटरीचा मुख्य स्विच चालत्या इंजिनावर बंद केल्यानेही दाब एकाएकी उसळून डायोड जळू शकतात.

बॅटऱ्यांमधील असमतोल

खासगी वापरात आलेल्या ट्रकांत हा प्रकार विशेष आढळतो. बाजारात सहज मिळणारा १२ व्होल्टचा टेप किंवा हॉर्न चालवण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतली जाते. अल्टरनेटर एकूण २८ व्होल्ट देत राहतो, पण त्या बॅटरीच्या वाट्याला १३ आणि दुसरीच्या वाट्याला १५ व्होल्ट येतात. एक कायम उपाशी राहते, दुसरीचे पाणी आटते. एकूण दाब योग्य दिसत असल्याने हा दोष प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजल्याखेरीज सापडत नाही. उपाय म्हणून २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवतात.

दोष नसताना होणारी तूट

२५ अँपिअरचा अल्टरनेटर २८ व्होल्टला जास्तीत जास्त ७०० वॅट देतो आणि तेही वेगात. कल्याण-शीळ रस्त्यावरील कोंडीत, पावसाळी रात्री, दिवे-वायपर लावून तासभर रेंगाळणाऱ्या ट्रकची बॅटरी उतरली तर तेथे कोणताही भाग बिघडलेला असेलच असे नाही. जोडलेल्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करून ती अल्टरनेटरच्या मंदगतीतील क्षमतेशी ताडून पाहावी.