पहिल्या वर्षाचे पैसे

कोविडच्या काळात बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिमीटर आपल्याकडे घरोघरी आलं. आमच्या इमारतीत तर एकच यंत्र चार मजल्यांवर फिरत असे. आकडा जरा खाली आला की फोनाफोनी सुरू. हा आकडा त्वचेच्या रंगाप्रमाणे फसवू शकतो, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी रुग्णालयांतल्या नोंदी ताडून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी, पण यंत्र म्हणतंय सगळं ठीक आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. याआधीही काहींनी इशारा दिला होता. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, इतकंच.

असले प्रश्न विचारायला सुरुवातीचे पैसे कुठून येतात, त्याविषयी आज बोलायचं आहे. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं वांशिक न्यायाच्या विषयांवर संशोधन करू पाहणाऱ्या आपल्या प्राध्यापकांना बीजभांडवल देत आली आहेत. रक्कम बेताची, मुदत वर्ष-दोन वर्षांची. गरज का पडते? मोठं अनुदान देणारी संस्था अर्ज हातात घेताच विचारते, तुमच्याकडे प्राथमिक पुरावा काय आहे? आणि पुरावा जमवायचा तर आधी पैसे हवेत! या फेऱ्यातून बाहेर काढण्यासाठी ही पहिली रक्कम असते. आपल्याकडे यूजीसीचा 'मायनर रिसर्च प्रोजेक्ट' असे, त्याच्याच जातकुळीतली. मीही एक केला होता. त्यातून एक टेपरेकॉर्डर, एस.टी.चं भाडं आणि टंकलेखन एवढंच निघालं. पण तेवढ्यावर बत्तीस गावं पायाखाली घातली.

या बाबतीतलं एक जुनं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाला एका वर्षासाठी नेमलं. पगार ९०० डॉलर. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय. पण त्याला ना वर्ग शिकवायला दिला, ना प्राध्यापकाचा मान. काम काय, तर फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी. शहरातल्या सुधारकांची अपेक्षा अशी, की गुन्हेगारीचं मूळ त्या वस्तीतच सापडेल. ड्यू बॉइस पत्नीला घेऊन त्याच वस्तीत राहायला गेले. सुमारे अडीच हजार कुटुंबांची दारं त्यांनी स्वतः ठोठावली. १८९९ साली पुस्तक आलं. मूळ माणसांच्या रक्तात नाही, गुलामगिरीच्या इतिहासात आणि बंद केलेल्या नोकऱ्यांत आहे, हे त्यात घरोघरच्या आकड्यांनिशी मांडलेलं होतं. विद्यापीठाने त्यांना पुढे ठेवून घेतलं नाही. सन्माननीय प्राध्यापकपद दिलं ते २०१२ साली, मरणोत्तर! १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाविषयी ज्यांना पत्र लिहिलं, ते हेच ड्यू बॉइस.

आता काळ बदलला, असं कुणी म्हणेल. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक पाहणी आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे, अर्ज करणाऱ्या कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के-अंकांनी कमी होती. तीही शिक्षण, अनुभव, शोधनिबंध हे सारं जमेस धरून. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की या तफावतीचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग विषयाच्या निवडीतून येतो. समाजात, वस्त्यांत जाऊन करायच्या अभ्यासाला अनुदान कमी, पेशी-रेणूंच्या अभ्यासाला जास्त. म्हणजे प्रश्न ज्याला दिसतो, त्याचीच झोळी रिकामी. बीजभांडवलाचं खरं काम इथे आहे.

पण हे पैसे येतात कसे, तेही पाहायला हवं. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि देशभर संताप उसळला. विद्यापीठांनी भराभर निधी जाहीर केले. बॉस्टन विद्यापीठातल्या वंशवादविरोधी संशोधन केंद्राला एकाच देणगीदाराने १ कोटी डॉलर दिले. ते केंद्र जून २०२५ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी एनआयएचने अशा विषयांवरची शेकडो चालू अनुदानं रद्द केली. जूनमध्ये एका न्यायाधीशांनी ती कृती बेकायदा ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी पैसे रोखून धरायला तूर्त मुभा दिली. विद्यापीठाने स्वतःचं बीजभांडवल चालू ठेवलं, तरी पुरावा घेऊन जायचं ते पुढचं दारच असं लागलं.

म्हणून मला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली रीत जास्त पटते. तिथे १९६९ साली विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, आशियाई वंशाचे आणि मूळनिवासी अमेरिकन अशा चौघांसाठी चार अभ्यासकेंद्रं निघाली, आणि त्यांच्या मार्फत प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं मिळत राहिली. रक्कम डोळ्यात भरण्यासारखी नाही. पण अर्ज करणाऱ्याला, यंदा वर्तमानपत्रांत काय गाजतं आहे याची वाट पाहत बसावं लागलं नाही.